आयसीडी-१० संक्रमण व रुग्णालयीन पूर्वतयारी

रोगनिदाने व शस्त्रक्रिया संकेतांकांत नोंदवण्याची जुनी पद्धत बंद करून नवी लागू करताना रुग्णालयातील कोडर (केसपेपर वाचून संकेतांक देणारे कर्मचारी), डॉक्टर, परिचारिका, नोंदणी खिडकीवरचे कारकून आणि बिलिंग विभाग यांना त्या बदलासाठी तयार करण्याची प्रक्रिया. अशी संक्रमणे अनेक देशांत झाली. त्यांपैकी बहुधा सर्वांत तपशीलवार नोंदले गेलेले संक्रमण अमेरिकेचे असून प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याविषयी आहे. तेथे १ ऑक्टोबर २०१५ रोजी आयसीडी-९-सीएम ही पद्धत मागे पडली. तिच्या जागी निदानांसाठी आयसीडी-१०-सीएम आणि आंतररुग्णांवरील शस्त्रक्रिया व अन्य प्रक्रियांसाठी आयसीडी-१०-पीसीएस अशा दोन पद्धती आल्या. आयसीडी म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण, तर सीएम ही त्याची अमेरिकेतील रुग्णसेवेसाठी विस्तारलेली आवृत्ती. पीसीएस हा त्या वर्गीकरणाचा भाग नाही. ती थ्रीएम कंपनीच्या आरोग्य माहिती विभागाने अमेरिकी शासनाच्या कंत्राटावर स्वतंत्रपणे रचली. डॉक्टरांची फी व बाह्यरुग्ण विभागातील प्रक्रिया यांसाठीची सीपीटी पद्धत मात्र होती तशीच राहिली. त्यामुळे एकाच रुग्णालयातील सगळ्या कोडरांना सारखेच शिकावे लागले नाही.

उगम व त्यासंबंधीची मते : या वर्गीकरणाचा आरंभ कोठून धरावा, याबद्दल एकमत नाही. काही लेखक तो जॉन ग्राँट याच्या १६६२ मधील लंडनच्या मृत्युपत्रकांच्या, म्हणजे मृत्यूंच्या नोंदयाद्यांच्या, अभ्यासापर्यंत मागे नेतात. मृत्यूच्या वेळचे वय त्या पत्रकांत नोंदलेले नसे. तरी बालरोगांच्या नोंदी व त्यांत देवी, गोवर इत्यादींच्या निम्म्या नोंदी मिळवून ग्राँटने सहा वर्षांच्या आत दगावणाऱ्या मुलांचे प्रमाण ३६ टक्के काढले आणि ते वास्तवाच्या बरेच जवळ असावे, असे नंतरच्या अभ्यासकांना वाटले. ऑस्ट्रेलियाचे संख्याशास्त्रज्ञ जॉर्ज निब्स यांनी पद्धतशीर वर्गीकरणाचे श्रेय अठराव्या शतकातील फ्रेंच वैद्य सोव्हाज याला दिले. त्याच शतकात स्वीडनचे निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस व एडिंबरोचे विल्यम कलेन यांनीही रोगांच्या वर्गवाऱ्या रचल्या. मात्र या वर्गवाऱ्या वैद्यांच्या अध्ययनासाठी होत्या. देशोदेशीच्या आकडेवारीची तुलना हा त्यांचा हेतू नव्हता. तो हेतू मध्यवर्ती ठेवणारा पहिला माणूस म्हणून इंग्लंडच्या जनरल रजिस्टर ऑफिसचे विल्यम फार (१८०७–८३) यांचे नाव घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

१८५३ मध्ये ब्रुसेल्स येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने फार आणि जिनीव्हाचे मार्क देस्पीन यांच्याकडे मृत्यूच्या कारणांची एकसारखी यादी मागितली. दोघांनी १८५५ मध्ये पॅरिसला दोन निराळ्याच याद्या आणल्या. फार यांनी रोगांचे पाच गट केले होते : साथीचे, सर्वांगीण, शरीराच्या एकेका भागातील स्थानिक, वाढीशी निगडित आणि इजेमुळे होणारे. देस्पीन यांची विभागणी रोगाच्या प्रकृतीवर होती. परिषदेने तडजोड करून १३९ शीर्षकांची यादी मान्य केली. पण ती फारशी कोठे रुजली नाही. पुढे पॅरिस शहराच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख झाक बेर्तियाँ यांनी तयार केलेली यादी आंतरराष्ट्रीय सांख्यिकी संस्थेने १८९३ मध्ये शिकागो येथे स्वीकारली. ती ४४, ९९ व १६१ शीर्षकांच्या तीन आकारांत होती. १८५३ च्या परिषदेत एकसारख्या यादीचा ठराव मांडणारे आशिल गियार हे बेर्तियाँ यांचे आजोबा, आईचे वडील. आजोबांनी मांडलेले काम नातवाच्या हातून चाळीस वर्षांनी तडीस गेले. १९०० च्या पॅरिस परिषदेत २६ देशांच्या प्रतिनिधींनी १७९ गटांची सुधारित यादी संमत केली आणि दर दहा वर्षांनी तिचा फेरविचार करण्याचा पायंडा पडला. शरीराच्या भागांनुसार स्थानिक रोग मांडण्याचे फार यांचे तत्त्व आजच्या प्रकरणरचनेतही टिकून आहे. शरीररचना चांगली येणाऱ्या कोडरला नवी आवृत्ती लवकर उमगते, याचे एक कारण हेच असावे.

येथपर्यंतचा इतिहास मृत्यूच्या नोंदींचा आहे. रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या पूर्वतयारीचा प्रश्न त्यानंतरच उद्भवतो. १९४८ मध्ये सहावी आवृत्ती जागतिक आरोग्य संघटनेकडे आली आणि तिच्यात मृत्यूंबरोबर आजारांचाही समावेश झाला. अमेरिकी रुग्णालयांत तोवर १९३३ मध्ये निघालेली एक निराळी प्रमाण नामावली प्रचलित होती. १९५६ च्या सुमारास तेथील रुग्णालय संघटनेने व वैद्यकीय अभिलेखपालांच्या संघटनेने तुलना करून आयसीडी रुग्णालयांतील अनुक्रमणीसाठी योग्य ठरवली. तरीही संकेतांक बराच काळ अभिलेख कक्षापुरतेच राहिले. येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर व जॉन थॉम्पसन यांनी विकसित केलेले निदानगट, म्हणजे डीआरजी (संकेतांकांवरून पाडलेले रुग्णांचे गट, ज्यांवरून देयकाची रक्कम ठरते), मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या शासकीय आरोग्य विमा योजनेने १ ऑक्टोबर १९८३ पासून आंतररुग्णांच्या देयकांसाठी वापरायला सुरुवात केली, तेव्हा संकेतांकाला पैशाचे मोल आले. काही अभ्यासक पूर्वतयारीचा इतिहास १९७९ पासून, म्हणजे आयसीडी-९-सीएम लागू झाल्यापासून मोजतात. परंतु संकेतांक चुकला की रुग्णालयाचे उत्पन्न चुकते, ही स्थिती १९८३ नंतरची आहे आणि प्रशिक्षणाला आलेले गांभीर्यही तेव्हापासूनचे मानणे बरे.

नव्या पद्धतीचे स्वरूप : आयसीडी-१० ला जागतिक आरोग्य सभेने मे १९९० मध्ये मान्यता दिली आणि सदस्य देशांत तिचा वापर १९९४ पासून सुरू झाला. अमेरिकेने मृत्यूच्या कारणांसाठी ती १९९९ मध्ये घेतली. रुग्णसेवेसाठी मात्र आणखी सोळा वर्षे लागली. जुन्या पद्धतीत निदानांचे सुमारे १४,००० व प्रक्रियांचे सुमारे ४,००० संकेतांक होते. नव्या पद्धतीत ते अनुक्रमे ६८,००० व ७२,००० च्या आसपास गेले.

ही वाढ कशी झाली, हे मनगटाजवळच्या कोलीज अस्थिभंगावरून कळते. जुन्या पद्धतीत त्याला दोन संकेतांक होते : जखम बंद असल्यास ८१३.४१ आणि उघडी असल्यास ८१३.५१. नव्या पद्धतीत उजवा हात, डावा हात की अनिर्दिष्ट, असे तीन पर्याय आले. प्रत्येकाला सातवे अक्षर लावावे लागते आणि त्याच्या सोळा शक्यता आहेत. अशा रीतीने दोनाचे ४८ झाले. उजव्या हाताच्या बंद अस्थिभंगावर प्रत्यक्ष उपचार चालू असतील तर एस५२.५३१ए हा संकेतांक लागतो. हाड नीट जुळत आहे, उशिरा जुळत आहे, जुळलेच नाही की वाकडे जुळले, हे सारे सातव्या अक्षरातून सांगायचे असते. उघड्या जखमेचा गुस्टिलो प्रकारही, म्हणजे तिच्या गंभीरतेची श्रेणीही, त्यातच येतो. ही माहिती कोडरच्या मनातून येत नाही. ती डॉक्टरने केसपेपरवर लिहिलेली असावी लागते.

सर्वत्र वाढच झाली असे नाही. रक्तदाबाचे सौम्य, मारक व अनिर्दिष्ट हे भेद गेले आणि प्राथमिक उच्च रक्तदाबाला आय१० हा एकच संकेतांक उरला. काही ठिकाणी व्याख्याच बदलल्या : हृदयविकाराचा झटका ‘तीव्र’ मानण्याची मुदत आठ आठवड्यांवरून चार आठवड्यांवर आली. दम्याचे वर्गीकरण तीव्रता व वारंवारता यांवर गेले. जेट इंजिनात ओढला जाणे किंवा बदकाची धडक बसणे अशा बाह्य कारणांच्या संकेतांकांची त्या काळात पुष्कळ थट्टा झाली. वस्तुतः बाह्य कारणे नोंदवण्याची राष्ट्रीय पातळीवर सक्ती नव्हती आणि अशा संकेतांकांची परंपराही जुनीच होती. या थट्टेमुळे सर्वसामान्य डॉक्टरांचे लक्ष मूळ प्रश्नावरून, म्हणजे स्वतःच्या लिखाणावरून ढळले, ही त्यातली खेदाची गोष्ट.

पीसीएसची रचना पूर्णपणे वेगळी आहे. प्रत्येक संकेतांक सात स्थानांचा असतो. प्रत्येक स्थानी दहा अंक किंवा चोवीस अक्षरे येऊ शकतात. शून्य व एक या अंकांशी घोटाळा होऊ नये म्हणून ओ व आय ही अक्षरे वगळली आहेत. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याचा संकेतांक ०एफटी४४झेडझेड असा होतो आणि त्यातील प्रत्येक स्थानाला स्वतंत्र अर्थ असतो. शस्त्रक्रियेला शोधकर्त्याच्या नावाने ओळखणे येथे चालत नाही. ती ३१ मूलक्रियांपैकी कोणती, हे ठरवावे लागते. ‘एक्सिजन’ म्हणजे अवयवाचा काही भाग काढणे आणि ‘रिसेक्शन’ म्हणजे तो अख्खा काढणे. शल्यचिकित्सक हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरतात. पीसीएसच्या नियमांनी शल्यचिकित्सकावर भाषा बदलण्याची सक्ती केली नाही. वर्णनावरून योग्य मूलक्रिया ओळखण्याची जबाबदारी कोडरवर टाकली. त्यामुळे कोडरांच्या शिक्षणात शरीररचना व शस्त्रक्रियातंत्र यांना पूर्वी कधी नव्हते इतके महत्त्व आले.

प्रशिक्षण : अमेरिकी आरोग्य माहिती व्यवस्थापन संघटनेने अनुभवी कोडरला केवळ निदानांच्या पद्धतीसाठी सुमारे १६ तास आणि दोन्ही पद्धतींसाठी सुमारे ५० तास लागतील, असा अंदाज दिला होता. त्यात शरीररचनेची उजळणी धरलेली नव्हती. शिकवलेले विसरू नये म्हणून सखोल प्रशिक्षण अंमलाच्या सहा ते नऊ महिने आधी द्यावे, असा संकेत होता. त्यानंतर ‘दुहेरी कोडिंग’, म्हणजे एकच केस जुन्या व नव्या दोन्ही पद्धतींत कोड करणे. कामाचा वेग किती घटेल व कोणत्या विभागाची कागदपत्रे अपुरी आहेत, हे त्यातून आधीच दिसे. जुन्या संकेतांकावरून नवा दाखवणारी शासकीय तुलनापत्रके, म्हणजे जेम्स, उपलब्ध होती. पण ती स्थूल जुळणीसाठी होती. एखाद्या रुग्णाची केस त्यांवरून कोड करू नये, हे प्रशिक्षकांना वारंवार बजावावे लागे.

सातव्या अक्षराबाबतचा एक गैरसमज विशेष चिवट ठरला. ‘ए’ म्हणजे पहिली भेट आणि ‘डी’ म्हणजे पुढची भेट असे अनेकांनी धरले. नियमानुसार प्रत्यक्ष उपचार चालू आहेत तोवर प्रत्येक भेटीला ‘ए’ लागतो, मग डॉक्टर नवा असो वा तोच. मराठी वाचकाने हे अक्षर भेटीचे न मानता उपचाराच्या टप्प्याचे मानले, तर घोटाळा होणार नाही.

डॉक्टरांचे प्रशिक्षण निराळे होते व निराळेच असायला हवे होते. त्यांना संकेतांक पाठ करायचे नव्हते. आपल्या विशेषशाखेत नेहमी येणाऱ्या निदानांसाठी बाजू, तीव्रता, कारण व टप्पा लिहिण्याची सवय त्यांना लावायची होती. कागदपत्रांत उणीव आढळल्यास कोडरने लेखी प्रश्न, म्हणजे क्वेरी, पाठवायची. परंतु तिच्यात उत्तर सुचवायचे नाही. ‘हृदय निकामी’ एवढेच लिहिले असेल तर प्रकार व तीव्रता विचारता येते, अमुक लिहा असे म्हणता येत नाही. संक्रमणाचे यश संगणकप्रणालीवर अवलंबून होते, असे मानणारा एक पक्ष आहे. मात्र प्रणाली सज्ज असूनही केसपेपर अपुरा असेल तर संकेतांक ‘अनिर्दिष्ट’वर अडकतो, हे पाहता डॉक्टरांच्या लिखाणाला अग्रक्रम देणारे मत अधिक ग्राह्य आहे. नोंदणी खिडकी, विम्याची पूर्वमंजुरी, प्रयोगशाळा व क्ष-किरण विभाग यांना मर्यादित प्रशिक्षण पुरे होत असे.

तारखांचे बदल : पहिल्या प्रस्तावात २०११ हे वर्ष होते. जानेवारी २००९ च्या नियमाने ते १ ऑक्टोबर २०१३ केले, २०१२ मध्ये ते १ ऑक्टोबर २०१४ झाले आणि १ एप्रिल २०१४ रोजी स्वाक्षरी झालेल्या मेडिकेअरविषयक कायद्यातील एका कलमाने आणखी एक वर्ष पुढे गेले. अमेरिकी वैद्यक संघटनेचा छोट्या दवाखान्यांवरील खर्चाच्या मुद्द्यावर विरोध होता. तो निराधार म्हणता येणार नाही. पण शेवटच्या लांबणीची किंमत तयार झालेल्यांनी मोजली : दिलेले प्रशिक्षण शिळे झाले आणि केवळ नवी पद्धत शिकून बाहेर पडलेले विद्यार्थी जुन्या पद्धतीच्या नोकरीसमोर उभे राहिले.

प्रत्यक्ष बदलाच्या दिवशी आंतररुग्णासाठी डिस्चार्जची तारीख व बाह्यरुग्णासाठी सेवेची तारीख निर्णायक होती. २८ सप्टेंबरला दाखल होऊन २ ऑक्टोबरला घरी गेलेल्या रुग्णाची संपूर्ण केस नव्या पद्धतीत गेली. कामगार-भरपाई व वाहन विमा यांवर या नियमाचे बंधन नसल्याने काही कर्मचाऱ्यांना जुनी पद्धतही हाताशी ठेवावी लागली. डॉक्टरांच्या दाव्यांत संकेतांक योग्य गटातला असेल तर केवळ तो पुरेसा नेमका नाही म्हणून वर्षभर दावा नाकारायचा नाही, अशी सवलत मेडिकेअरने दिली होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये मेडिकेअरकडे रोज सुमारे ४६ लाख दावे आले. नाकारलेल्या दाव्यांचे प्रमाण १०.१ टक्के, म्हणजे नेहमीच्या १० टक्क्यांच्या जवळपास राहिले. अवैध आयसीडी-१० संकेतांकामुळे परत गेलेले दावे ०.०९ टक्के होते.

अन्य देश : ऑस्ट्रेलियाने १९९८–९९ मध्ये आणि कॅनडाने २००१ पासून प्रांताप्रांताने आपापल्या आवृत्त्या आणल्या. कॅनडात सुरुवातीच्या महिन्यांत कोडिंगचा वेग बराच घटल्याचा अनुभव अमेरिकी नियोजनात वारंवार उद्धृत झाला.

भारत : अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग करणाऱ्या चेन्नई, हैदराबाद, पुणे, मुंबई आदी शहरांतील कोडरांनाही हे संक्रमण पार करावे लागले. देशांतर्गत वापर मुख्यतः मृत्यूच्या कारणांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात आहे. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना ४ भरला जातो. त्यावर मूळ आजाराऐवजी ‘हृदयक्रिया बंद पडणे’ एवढेच लिहिले की आयसीडी-१० मधून उपयोगी आकडा निघत नाही. महाराष्ट्रातील व गोव्यातील डॉक्टरांनाही हे लागू आहे. दिल्लीच्या केंद्रीय आरोग्य माहिती विभागाकडून (सेंट्रल ब्युरो ऑफ हेल्थ इंटेलिजन्स) आयसीडी-१० चे प्रशिक्षण दिले जाते. २०१९ मध्ये स्वीकारलेली आयसीडी-११ ही आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली. आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांतील व्याधींसाठीचे तिचे दुसरे पारंपरिक वैद्यक उपखंड १० जानेवारी २०२४ रोजी नवी दिल्ली येथे प्रकाशित झाले.