कृष्णवर्णीय वेस्टर्नपट

अमेरिकेतील कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठी, कृष्णवर्णीय नट घेऊन काढलेले कमी खर्चाचे काउबॉयपट. 1920 च्या दशकारंभी त्यांची सुरुवात झाली आणि 1937 ते 1939 या काळात हर्ब जेफ्रीज या गायक-नटाने ते गाजवले.

दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांना चित्रपटगृहे वेगळी असत, नाहीतर वरच्या सज्जात बसावे लागे. पडद्यावरचा काउबॉय मात्र दोन्हीकडे गोराच. प्रत्यक्षात गुरे हाकणाऱ्यांत दर चारांमागे एक कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज सांगितला जातो. त्यांच्यापैकी बिल पिकेट हा धावत्या घोड्यावरून झेप घेऊन बैलाची शिंगे धरी आणि त्याचा ओठ दातांत पकडून त्याला लोळवी. फ्लोरिडातील गोरे निर्माते रिचर्ड नॉर्मन यांनी त्याला पडद्यावर आणले. त्यासाठी ओक्लाहोमातील बोली या कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या गावात चित्रीकरण झाले.

जेफ्रीजच्या पहिल्या काउबॉयपटाचा, ‘हार्लेम ऑन द प्रेअरी’चा (1937), निर्माता जेड ब्युएलही गोराच. पुढच्याच वर्षी त्याने सगळे ठेंगणे नट घेऊन एक वेस्टर्न काढला. त्याच्या लेखी दोन्ही नवलाईचाच माल असावा. नंतरचे तीन चित्रपट रिचर्ड कान यांनी दिग्दर्शित केले. कॅलिफोर्नियातील व्हिक्टरव्हिलजवळ मरे या कृष्णवर्णीय दांपत्याचे रँच (गुराढोरांचा मोठा मळा) होते. इतरत्र दार बंद असलेले पाहुणे तिथे सुटीला येत, मुष्टियोद्धा जो लुईही राहून गेला. तेच या चित्रपटांचे चित्रीकरणस्थळ बनले.

‘द ब्राँझ बकारू’ (1939) जेमतेम तासाभराचा. नायक बॉब ब्लेक (जेफ्रीज) मित्राच्या रँचवर येतो, तर मित्र बेपत्ता. मध्येच एक शब्दभ्रमकार बॉबच्या भोळ्या सोबत्याच्या गळ्यात ‘बोलणारे’ खेचर मारतो. नायक, खलनायक, रँचवाले, सगळेच कृष्णवर्णीय असल्याने वर्णाचा विषय निघतच नाही, आणि हेच या चित्रपटांचे खरे वेगळेपण. गोऱ्या वेस्टर्नमध्ये भेदरट स्वयंपाकी किंवा हरकाम्या एवढेच वाट्याला येणाऱ्या नटाला इथे बंदूक, घोडा आणि प्रेमगीत मिळते. तरी साचा सुटला असे नाही. हशा पिकवण्यासाठी तोच भाबडा सोबती लागतो, आणि नायिकेच्या वाट्याला संकटात सापडण्यापलीकडे फारसे काही येत नाही.

नायकाच्या रंगाचीही एक गंमत आहे. जेफ्रीज इतका उजळ होता की त्याला सावळा दिसण्यासाठी मेकअप करावा लागे, आणि टोपी सहसा डोक्यावरून उतरत नसे. श्रेयनामावलीत त्याचे नाव ‘हर्बर्ट जेफ्री’ असे येते.

पुढे तो जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात गायला. 1995 मध्ये, ऐंशी उलटल्यावर, त्याने पुन्हा काउबॉय गीतांचा अल्बम काढला. 2014 मध्ये त्याचे निधन झाले.