यूव्हीसी आणि पिक लाइन: दोन्ही सेंट्रल, पण एकीच्या जागी दुसरी नाही

दिवस भरण्याच्या खूप आधी जन्मलेल्या बाळाला ‘सेंट्रल लाइन लावली आहे’ असं डॉक्टर सांगतात, तेव्हा ती बहुतेक वेळा दोनपैकी एक असते. नाळेच्या शिरेतून आत घातलेली यूव्हीसी, किंवा हाता-पायाच्या शिरेतून सरकवत नेलेली पिक लाइन, जिला बरेच जण लाँग लाइन म्हणतात. दोन्हींचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत पोहोचायला हवं. दोन्हींतून सलाईन, औषधं आणि शिरेवाटे द्यायचं पोषण जातं. हातावरच्या साध्या कॅन्युलातून (शिरेत घातलेल्या छोट्या नळीतून) १२.५ टक्क्यांहून दाट ग्लुकोज दिलं तर बारीक शीर पोळते, मोठ्या शिरेत मात्र ते रक्तात लगेच पातळ होतं. म्हणून हा सगळा खटाटोप. बाहेरून पाहिलं तर दोन्ही बारीक नळ्याच, त्यामुळे पालकांचा गोंधळ होणं साहजिक आहे. पण हे उपकरण बनवायला नव्याने बसणारेही ‘एक जाड, एक बारीक’ एवढ्यावर थांबतात, आणि तिथे मोठी चूक होते.

यूव्हीसीला वाट आयती मिळते. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते. धमन्यांच्या भिंती जाड, तोंडं आवळलेली. शिरेची भिंत पातळ आणि तोंड उघडं. जन्मानंतर साधारण आठवडाभर त्या शिरेतून आत जाता येतं. सुई लागत नाही, कातडीला भोक पाडावं लागत नाही. प्रसूतिकक्षात बाळाचे ठोके मंदावलेले असतील, तर नळी जेमतेम २ ते ४ सेंटीमीटर, रक्त मागे येईपर्यंत घालून हृदयाला चालना देणारं अ‍ॅड्रेनलिन देता येतं. १९४० च्या दशकात लुई डायमंड यांनी आरएच विसंगतीमुळे (आई आणि बाळाचे रक्तगट न जुळल्यामुळे) आजारी असलेल्या नवजात बाळांचं रक्त बदलण्यासाठी हीच वाट वापरली.

पुढे मात्र एक फाटा आहे. नाळेची शीर यकृताजवळ पोहोचते आणि तिथून डक्टस व्हेनोसस नावाच्या अरुंद मार्गाने हृदयाकडे जावं लागतं. नळी चुकून यकृताच्या शिरेत वळली आणि तिथे दाट द्रव सोडला गेला, तर यकृताला इजा होते. म्हणून यूव्हीसीचं टोक गोलसर हवं, भोक एकच आणि अगदी टोकाला हवं, अंगावर सेंटीमीटरच्या खुणा हव्यात आणि एक्स-रेमध्ये दिसणारी रेघ हवी. अनेक ठिकाणी अडचणीच्या वेळी साधी फीडिंग ट्यूब नाळेत घातली जाते. जीव वाचवताना हाताशी असेल ते वापरावंच लागतं, पण तिला बाजूला भोकं असतात, त्यात रक्त साकळतं, हे विसरता येत नाही.

पिक लाइनची वाट तयार नसते. कोपराची, घोट्याजवळची किंवा डोक्यावरची शीर शोधायची, दुभंगणारी सुई घालायची, तिच्यातून नळी चिमट्याने थोडी थोडी आत द्यायची, मग सुई काढून तिचे दोन भाग करून बाजूला करायची. धारदार सुईतून नळी मागे ओढली तर कापली जाऊन तुकडा आत राहू शकतो; दुभंगणारी सुई ठेवूनही हा धोका पूर्ण जात नाही.

आता जाडीकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. नळीची जाडी ‘फ्रेंच’मध्ये मोजतात, १ फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा भाग. लहान बाळाची यूव्हीसी सहसा ३.५ फ्रेंच, म्हणजे सव्वा मिलिमीटरहून थोडी कमी. सर्वांत बारीक पिक लाइन १ फ्रेंच. १८४० च्या सुमारास प्वाझ्य या फ्रेंच डॉक्टरने काचेच्या बारीक नळ्यांवर प्रयोग करून दाखवलं की दाब तोच ठेवला तर प्रवाह व्यासाच्या चौथ्या घातानुसार बदलतो. दोन्ही नळ्यांच्या आतल्या-बाहेरच्या व्यासांचं प्रमाण आणि लांबी सारखी धरली, तर ३.५ आणि १ यांच्या प्रवाहातला फरक साडेतीन पट नसून जवळपास १५० पट होतो. नळीचा ताठपणाही याच चौथ्या घाताने बदलतो. म्हणजे एकाच पदार्थाची पिक लाइन यूव्हीसीपेक्षा १५० पट लवचीक. यूव्हीसी ढकलता येते. १ फ्रेंचची नळी मागून ढकलणं म्हणजे ओला दोरा सुईत ढकलण्यासारखं आहे. तिला रक्ताच्या वाहण्यासोबत, मागून सलाईनचा हलका फ्लश देत न्यावं लागतं.

म्हणूनच एका नळीचा आराखडा लहान करून दुसरी बनत नाही. पिक लाइनची भिंत जाड केली तर आतली जागा जाते, पातळ केली तर ती दाबाने फुटते. सिलिकॉन मऊ आणि शिरेला सौम्य, पण कमकुवत, त्यामुळे भिंत जाड ठेवावी लागते. पॉलियुरेथेन घालताना थोडं ताठ राहतं, शरीराच्या उष्णतेने मऊ होतं आणि पातळ भिंतीतही टिकतं. माझ्या मते या मापाला हाच पदार्थ सरस आहे. एक्स-रेमध्ये दिसावं म्हणून बेरियमसारखं काही मिसळायचं, तर इतक्या पातळ भिंतीत ते मावतंच किती? म्हणून बारीक पिक लाइनचं टोक कुठे आहे हे पाहण्यासाठी अनेकदा कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारा द्रव, द्यावा लागतो. टोक हलतंही: बाळाने हात जवळ घेतला तरी ते पुढे सरकू शकतं, आणि हृदयाच्या आत गेलं तर भिंतीला इजा होऊन हृदयाभोवती पाणी साचण्याचा धोका असतो.

वापरातला फरक याच मापातून येतो. यूव्हीसीतून रक्त देता येतं, गरजेला काढताही येतं. १ फ्रेंचच्या पिक लाइनमध्ये रक्त गेलं की ती तुंबते, आणि वाहतं द्रव थांबलं तरी तुंबते. ७०० ग्रॅमच्या बाळाला दिवसाला किलोमागे ८० मिलिलिटर द्यायचं ठरलं, तर तासाला सव्वादोन मिलिलिटरच्या आसपास मिळतं. लाइन उघडी ठेवायला लागणारा प्रवाहही त्यातूनच द्यायचा. अशा बाळाच्या अंगात एकूण रक्तच ६० ते ७० मिलिलिटर असतं, त्यामुळे तपासणीपूर्वी नळीतून मागे ओढलेलं अर्धा मिलिलिटरही हिशेबात धरावं लागतं.

यूव्हीसीची मुदत मुळातच छोटी. नाळ वाळते, जंतू वाढतात. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०११ मध्ये १४ दिवसांची मर्यादा सुचवली, आणि बरेच विभाग त्याआधीच पिक लाइनकडे वळतात. यूव्हीसी नाळेच्या देठाला टाक्याने बांधता येते. पिक लाइनचा सगळा भार मात्र कातडीवर, आणि ती इतकी नाजूक की चिकटपट्टी काढताना सोलून निघते. नळी बारीक करण्यात वर्षं घालवायची आणि तिच्या शेपटीला मोठ्या माणसाच्या मापाचा टणक हब (सिरिंज जोडायचं टोक) लावायचा, हे मला पटत नाही. त्याच हबने दंडावर दाबाची जखम होते.

दोन्हींच्या तोंडाला लूअर जोड, म्हणजे सिरिंज बसवायचा ठरावीक मापाचा जोड, सारखाच असतो. त्यामुळे यूव्हीसीला चालणारी छोटी सिरिंज पिक लाइनलाही सहज बसते. अंगठ्याचा जोर तोच, पण दट्ट्या लहान असल्याने दाब कितीतरी वाढतो आणि नळी फुटते. म्हणून बारीक पिक लाइनला १० मिलिलिटरपेक्षा लहान सिरिंज लावू नये असं सांगतात. पोटात जाणाऱ्या दुधाच्या नळ्यांना आता वेगळा जोड आहे, म्हणजे दूध चुकून शिरेत जात नाही. या दोन लाइनींचे जोड वेगळे करता येणार नाहीत, कारण दोन्हींत तीच औषधं जायची असतात. पण हबचा रंग वेगळा असावा आणि सिरिंजचं किमान माप हबवरच छापलेलं असावं. रात्रीच्या पाळीतल्या नर्सला ते माहितीपत्रकात शोधावं लागू नये.