बर्फाखालचा बुडखा

कॅनडातल्या विनिपेगमध्ये माळरानाचं बी नोव्हेंबरात पेरतात. जमीन वरून गोठायला लागलेली असते, हातमोजे न घालता बाहेर पाच मिनिटं उभं राहवत नाही, आणि अशा वेळी लोक वाफ्यात बी फोकून पायाने दाबून घरात येतात. मृगाचा पाऊस, वाफसा आणि मग पेरणी या क्रमात वाढलेल्या मला हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा बी फुकट घालवल्यासारखं वाटलं होतं. बागेबद्दलची माझी समजूत तिथून बदलत गेली.

या बियांना थंडी लागतेच. प्रेअरीतल्या, म्हणजे इथल्या गवताळ माळरानातल्या, कित्येक वनस्पतींचं बी शरद ऋतूत गळून पडतं. ते तेव्हाच उगवलं, तर कोवळा कोंब महिनाभरात थंडीने मरेल. म्हणून बियांमध्ये उगवण रोखून धरणारी संप्रेरकं असतात. ओलसर गारठ्यात काही आठवडे काढले की त्यांचा जोर ओसरतो, उगवण सुरू करणाऱ्या संप्रेरकांचा वाढतो, आणि बी उगवायला तयार होतं. काही जातींना महिना पुरतो, काहींना दोन-तीन लागतात. पेरणी वसंतात करायची असेल तर बी ओल्या वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवतात, म्हणजे त्याला खोटा हिवाळा देतात. मला मात्र नोव्हेंबरातली पेरणीच आवडते, कारण सगळं काम बर्फ करतो.

कॅनडाची प्रेअरी म्हणजे मॅनिटोबा, सस्कॅचवान आणि अल्बर्टा या तीन प्रांतांच्या दक्षिणेकडचा गवताळ पट्टा. विनिपेग त्याच्या पूर्व टोकाला आहे. इथे दर हिवाळ्यात पारा उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत जातो, कधी उणे ४० ला टेकतो, आणि जुलैत ३० च्या वर चढतो. हिमकणांशिवायचे दिवस जेमतेम चार महिने. शहराखालची माती ही अगॅसिझ नावाच्या एका प्रचंड हिमयुगीन सरोवराचा तळ आहे. ती जड आणि चिकण आहे, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. मराठवाड्यातली कापसाची काळी माती ज्यांनी पायाखाली तुडवली आहे त्यांना तिचा स्वभाव लगेच कळेल.

अशा जागी बारमाही झाड जगतं कसं? डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ क्रिस्टेन राउनकियर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वनस्पतींची एक वेगळीच वर्गवारी मांडली. फुलं, पानं बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, की वाईट ऋतूत ही वनस्पती आपला पुढचा कोंब कुठे जपून ठेवते? आंब्याचा कोंब उंच फांदीवर असतो. प्रेअरीतल्या बहुतेक गवतांचा आणि फुलझाडांचा कोंब मातीच्या पातळीवर, किंवा तिच्याखाली बोट-दोन बोटं, बुडख्यात असतो. वरचं सगळं वाळून गेलं, रानगव्यांच्या कळपाने खाल्लं, वणव्याने जाळलं तरी बुडखा शाबूत राहतो.

त्या बुडख्यावर बर्फ पसरला की तो गोधडीचं काम करतो. भुसभुशीत बर्फात हवा भरपूर अडकलेली असते आणि अडकलेली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. वर हवा उणे ३० असताना फूटभर बर्फाखालची माती शून्याच्या खाली थोडेच अंश असू शकते. म्हणून इथल्या माळ्याला कडाक्याच्या थंडीपेक्षा बिनबर्फाच्या थंडीची भीती जास्त. अल्बर्टातल्या कॅल्गरीत ही भीती नेहमीची आहे. तिथे रॉकी पर्वत उतरून येणारा चिनूक नावाचा कोरडा, उबदार वारा ऐन जानेवारीत काही तासांत तापमान वीस अंशांनी चढवतो, बर्फ वितळवतो आणि निघून जातो. माती पुन्हा गोठते, फुगते, आणि उथळ मुळांची रोपं अक्षरशः उपटून वर येतात.

पेशींच्या आतही मोठी तयारी चाललेली असते. पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक झाले तर पेशी फाटते आणि मरते. म्हणून ऑगस्टनंतर दिवस बरेच लहान झाले की या वनस्पती पेशींत साखर साठवू लागतात आणि पेशींची आवरणं बदलतात. गोठायची वेळ आली की पाणी पेशीतून बाहेर, पेशींमधल्या मोकळ्या जागेत जातं आणि तिथे गोठतं. आत उरतो दाट, न गोठणारा पाक. लाल फांद्यांचं डॉगवूड हे इथलं झुडूप तर या कलेत इतकं निष्णात आहे, की पुरतं तयार झाल्यावर त्याच्या फांद्या प्रयोगशाळेत द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, बुडवूनही जिवंत राहिल्या आहेत.

या सगळ्याची सुरुवात दिवसाच्या लांबीवरून होते. माझी सगळ्यात मोठी चूक इथेच झाली. पहिल्या वर्षी एका नर्सरीतून ‘स्थानिक’ अशी चिठ्ठी लावलेली जांभळी कोनफ्लॉवरची रोपं आणली. दुहेरी पाकळ्यांची, देखणी. हिवाळ्यानंतर त्यांतलं एकही उठलं नाही. ती जात मुळात अमेरिकेच्या मध्य आणि पूर्व भागातली. मॅनिटोबाच्या माळावर तिची अरुंद पानांची बहीण उगवते. शिवाय दुहेरी फुलांत परागकण देणाऱ्या भागांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे मधमाश्यांना तिथे फारसं काही मिळत नाही. ‘स्थानिक’ हा शब्द वाचला की आता मी विचारते, कुठला स्थानिक?

जात बरोबर असली तरी हा प्रश्न संपत नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठातल्या कॅल्विन मॅकमिलन यांनी उत्तरेपासून दक्षिणेपर्यंतच्या माळरानांतून त्याच त्या जातींची गवतं आणून एकाच बागेत लावली. उत्तरेकडची बुटकी राहिली आणि लवकर फुलली. दक्षिणेकडची उंच वाढली आणि उशिरा फुलली. दिवसाच्या लांबीचं गणित त्यांच्या आनुवंशिकतेतच होतं. दक्षिणेकडच्या बियांचं बिग ब्लूस्टेम हे गवत विनिपेगला लावलं, तर ते सप्टेंबरातही उन्हाळा असल्यासारखं वाढत बसतं आणि बी धरण्याआधीच हिम पडतं. म्हणून बी जवळच्या माळावरून आलेलं हवं. नर्सरीच्या चिठ्ठीवर कडाक्याच्या थंडीचा ‘झोन’ ३ किंवा ४ लिहिलेला असतो, पण बी कुठून आलं हे क्वचितच लिहितात. ते विचारून घ्यावं लागतं.

आता त्या बिग ब्लूस्टेमबद्दल. पुरुषभर उंचीचं हे गवत मॅनिटोबाचं अधिकृत राज्यगवत आहे. नेब्रास्कातलेच जॉन वीव्हर यांनी शंभर वर्षांपूर्वी माळरानात खंदक खणून मुळं मोजायला सुरुवात केली, तेव्हा याची मुळं दोन मीटरच्याही खाली गेलेली आढळली. आणि हे आपल्या अगदी घरातलं गवत आहे! ज्वारी, मका, ऊस, आपल्या माळावरची कुसळी, मारवेल आणि चहातली गवती चहाची पात ही सगळी त्याची भावकी. प्रकाशसंश्लेषणाची पद्धतही सगळ्यांची तीच, कडक उन्हात आणि कमी पाण्यात जास्त काम करणारी. त्यामुळे मेच्या अखेरीपर्यंत हे गवत झोपलेलंच असतं. तोवर जमीन रिकामी राहू नये म्हणून जूनग्राससारखं एप्रिलात हिरवं होणारं, लवकर जागं होणारं गवतही सोबत लावायचं. लहान अंगणात बिग ब्लूस्टेम अंगावर येतं. तिथे गुडघाभर उंचीचं, शरदात तांबूस होणारं लिटल ब्लूस्टेम बरं.

फुलांत ओळखीचे चेहरे भेटतात. दसऱ्याला ढिगाने विकला जाणारा गॅलार्डिया उत्तर अमेरिकेचाच, आणि त्याची एक बारमाही बहीण इथल्या कोरड्या उतारावर रानोमाळ फुलते. पुष्पगुच्छात भरीला घालतात त्या पिवळ्या गोल्डन रॉडचीही इथे अनेक भावंडं आहेत. शिंका येतात म्हणून लोक त्याला उगाच दोष देतात. त्याचे पराग जड, चिकट आणि कीटकांनी वाहून न्यायचे. शिंकांना कारण असतं त्याच सुमाराला फुलणारं, वाऱ्यावर पराग सोडणारं रॅगवीड.

जांभळं प्रेअरी क्लोव्हर मी सगळ्यांना सुचवते. ते शेंगवर्गातलं आहे, मुळांच्या गाठींत हवेतला नायट्रोजन बांधतं. बागेत ते पूर्वी कधी नसेल तर बियांना रायझोबियम या जिवाणूची बीजप्रक्रिया करतात, हरभऱ्याला किंवा सोयाबीनला करतात तशीच. खत मात्र कशालाही घालू नये. खताने ही झाडं लांबट होऊन लोळतात आणि फोफावतं ते तण.

आणि मिल्कवीड. पान तोडलं की पांढरा चीक, बोंडातून उडणाऱ्या रेशमी म्हाताऱ्या; रुईची आठवण येते, कारण ती रुईच्याच कुळातली. महाराष्ट्रात रुईवर वाढणारं केशरी प्लेन टायगर फुलपाखरू आणि इथल्या मिल्कवीडवर वाढणारं मोनार्क हे एकाच प्रजातीगटातले नातलग आहेत. मोनार्कच्या अळ्या मिल्कवीडशिवाय दुसरं काही खात नाहीत. त्याच चिकातलं विष अंगात साठवून त्या पक्ष्यांना कडू लागतात. ओलसर कोपरा असेल तर स्वॅम्प मिल्कवीड लावावं, ते पसरत सुटत नाही.

पहिल्या उन्हाळ्यात हाती काही लागत नाही. रोप वीतभर दिसतं, कारण सगळं बळ खाली जातं. त्या वर्षी फक्त तण वाढलं की वरून कापत राहायचं. उपटायचं नाही, शेजारच्या कोवळ्या मुळांना धक्का बसतो. शरदात बाग ‘साफ’ करायची सवयही सोडावी लागते. वाळलेली उभी ताटं वाऱ्याने उडणारा बर्फ अडवतात आणि बुडख्यावर गोधडी जाड होते. पोकळ दांड्यांत काही रानमाश्या घर करतात. माझ्या शेजाऱ्यांना ते गबाळं दिसतं, हे मला ठाऊक आहे. मी कडेने एक स्वच्छ पायवाट ठेवते, तेवढ्याने त्यांना पटतं की हे मुद्दाम आहे.

कॅनडातल्या उंच गवताच्या माळरानाचा एक टक्काही आता उरलेला नाही. बाकीचं नांगराखाली गेलं. विनिपेग शहरातच १९६८ साली राखून ठेवलेला १२ हेक्टरांचा एक तुकडा आहे, लिव्हिंग प्रेअरी म्युझियम. पुढची रोपं निवडण्याआधी मी तिथे वर्षभर दर महिन्याला गेले. कुठली कुठल्या ओलीत उभी आहे, कोणाशेजारी कोण, हे तिथे दिसतं तसं कुठल्याही यादीत दिसत नाही.

एप्रिलात तिथे गेलं की प्रेअरी क्रोकस भेटतो, १९०६ पासून मॅनिटोबाचं राज्यफूल. नाव क्रोकस असलं तरी तो मोरवेलीचा नातलग. बी धरल्यावर तसेच रुपेरी पिसारे येतात. देठापासून पाकळ्यांपर्यंत अंगभर मऊ लव. पेल्यासारखं फूल सूर्याकडे तोंड करून राहतं आणि आतली हवा बाहेरपेक्षा काही अंश उबदार होते, म्हणून वर्षातल्या पहिल्या माश्या तिथे शेकायला येतात. रानातून उपटून आणलेला क्रोकस सहसा जगत नाही, त्याची मुळं फार खोल असतात. पण जूनमध्ये पिकलेलं ताजं बी लगेच पेरलं तर थंडीची वाट न बघता उगवतं. फुलायला आणखी दोन-तीन वर्षं. माझी सहा रोपं आता तिसऱ्या हिवाळ्यात आहेत. त्यांच्या जागेवर काड्या रोवून ठेवल्या आहेत आणि काड्यांची फक्त टोकं बर्फाबाहेर दिसताहेत.