गोकाकचा गेंडा आणि त्याच्याही आधीचे दात

सस्तन प्राण्यांच्या उत्क्रांतीचा विषय निघाला की आपल्याकडे शिवालिकच्या टेकड्या आठवतात, फार तर कच्छमधले देवमाशांचे पूर्वज. बेळगाव जिल्हा कुणाच्या तोंडी येत नाही. पण भारतातल्या या संशोधनाच्या इतिहासात आपले गोकाक दोनदा येते, आणि दोन्ही वेळा मानाने येते.

पहिली वेळ १८७४ सालची. रॉबर्ट ब्रूस फूट हा भूवैज्ञानिक १८५८ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाला. १८६३ मध्ये मद्रासजवळ पल्लावरमला त्याला अश्मयुगीन हातकुऱ्हाड सापडली, आणि भारतीय प्रागैतिहासाचा अभ्यास तिथून सुरू झाला. पुढे त्याच्याकडे ‘दक्षिण मराठा मुलूख’ आला: बेळगाव, धारवाड, कलादगी आणि मधली संस्थाने. नेमलेले काम खडकांचा नकाशा करण्याचे. ते करताना गोकाकजवळ चिकदौलीच्या परिसरात, घटप्रभेच्या खोऱ्यातल्या जुन्या गाळथरांत त्याला गेंड्याचे अवशेष मिळाले. हाडे खोक्यात भरून कलकत्त्याला पाठवून तो मोकळा होऊ शकला असता. त्याने स्वतः त्यांचे वर्णन लिहिले, नवी जात ठरवली आणि नाव दिले ऱ्हायनोसेरॉस डेक्कनेन्सिस, म्हणजे दख्खनचा गेंडा. या मुलखावरचा त्याचा मोठा भूवैज्ञानिक अहवाल त्यानंतर, १८७६ मध्ये आला.

आज गेंडा पाहायला आसामात किंवा नेपाळच्या तराईत जावे लागते. एके काळी मात्र तो कृष्णेच्या खोऱ्यात चरत होता. गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन थरांत गेंड्याचे खांद्याचे हाड मिळाले, आणि आपल्या दायमाबादच्या ब्राँझ मूर्तींत गेंडाही आहे. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेतल्या अभ्यासकांनी या नद्यांचे गाळथर पुन्हा वाचले, आर. व्ही. जोशी यांचा मलप्रभा खोऱ्यावरचा ग्रंथ १९५५ चा.

दुसरी वेळ यायला शंभरहून अधिक वर्षे लागली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते. दख्खनचा काळा पाषाण एका दमात ओतला गेलेला नाही. लाव्हाच्या दोन लोंढ्यांमध्ये मोठी विश्रांती असे, खळग्यांत तळी साचत, त्यांच्या गाळात जीव गाडले जात. या आंतरट्रॅपी थरांतली माती पोत्यांनी आणायची, पाण्यात भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची आणि उरलेला चुरा सूक्ष्मदर्शकाखाली कण कण निवडायचा. अशाच कामातून तेलंगणातल्या नस्कलचा डेक्कनोलेस्टेस सापडला, १९८८ मध्ये जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी जाहीर केलेला. डायनासोरच्या अखेरच्या काळातला हा चिमुकला सस्तन प्राणी.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सर्वेक्षण खात्याने नस्कलबरोबर गोकाकच्या थरांतूनही दुसऱ्याच एका सस्तन प्राण्याचे दात मिळवले. २००७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे या प्राण्याला नावे दिली: एकाने भारतथेरियम, दुसऱ्याने दक्षिणा. पहिले टिकले. त्याच्या दाढा ६ ते ८.५ मिलिमीटर उंच आणि वक्र आहेत. उंच दाढ म्हणजे दात झिजवणारे खाणे, आणि गवत हे तसले खाणे. २००५ मध्येच चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याच्या डायनासोर-विष्ठेत गवताचे सूक्ष्म कण सापडले होते, त्यामुळे हा तर्क हवेतला राहत नाही.

या प्राण्याचे भाऊबंद मादागास्कर आणि अर्जेंटिनात सापडतात, कारण हे भूखंड पूर्वी गोंडवन या प्राचीन महाखंडात एकत्र होते. त्याचा वंश मात्र पूर्ण बुडाला. आजच्या कुठल्याच सस्तनाशी त्याचे थेट नाते नाही. मादागास्करला याच कुळातल्या प्राण्याची अख्खी कवटी मिळाली, ती २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. भारताच्या वाट्याला सुटे दातच आले आहेत. म्हणून गोकाक भागात विहीर किंवा खाण खोदताना काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये मऊ मातीचा पट्टा लागला, तर तो ढिगाऱ्यात टाकण्याआधी जवळच्या कॉलेजातल्या भूशास्त्राच्या शिक्षकांना एकदा दाखवावा.