स्तनकर्करोग, प्रारंभिक अवस्थेतील : उपचारांचा निर्णय (खानदेश)

स्तनातील गाठ कर्करोगाची आहे असे कळल्यापासून पहिला उपचार सुरू होईपर्यंतच्या काळात शस्त्रक्रिया, किरणोपचार, रसायनोपचार (केमोथेरपी) आणि संप्रेरक-उपचार यांपैकी काय, कोणत्या क्रमाने व कोठे घ्यायचे हे ठरवण्याची प्रक्रिया. रोग स्तनापुरता, किंवा स्तन आणि काखेतील थोड्या लसीका-ग्रंथींपुरता मर्यादित असेल, तर त्या अवस्थेला प्रारंभिक म्हणतात. स्थूलमानाने पहिला आणि दुसरा टप्पा तिच्यात येतो. या अवस्थेत रोग पूर्ण बरा करणे हाच उपचाराचा हेतू असतो. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या जिल्ह्यांतील स्त्रीला हा निर्णय घेताना वैद्यकीय अहवालाइतकाच विचार मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या अंतराचा आणि शेतीच्या हंगामाचाही करावा लागतो.

निर्णयासाठी वेळ किती आहे, हे सर्वांत आधी स्पष्ट व्हायला हवे. गाठ हाताला लागण्यापूर्वी ती बराच काळ वाढत असते, त्यामुळे तपासण्या नीट करून दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यात दोन-तीन आठवडे गेले तर नुकसान होत नाही; कित्येक महिने गेले तर मात्र नक्कीच होते. खानदेशात चुका दोन्ही बाजूंनी होतात. कुठे तालुक्याच्या गावी त्याच आठवड्यात गाठ काढून टाकली जाते आणि ती तपासणीला पाठवलीच जात नाही. कुठे गाठ ‘दुखत नही’ म्हणून, कापूस वेचून होऊ दे म्हणून, किंवा घरात लग्नाची मुलगी आहे, चार लोकांत बोभाटा नको म्हणून, दिवाळीत लागलेली गाठ होळीपर्यंत कोणाला दाखवली जात नाही. स्तनकर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, ही गोष्ट गावोगाव सांगितली जायला हवी.

निर्णयाचा पाया म्हणजे सुईने घेतलेल्या तुकड्याची तपासणी, म्हणजेच बायोप्सी. सुई लावली की रोग पसरतो हा समज सर्वत्र आढळतो आणि तो चुकीचा आहे. उलट, आधी तुकडा न तपासता थेट गाठ काढली, तर पुढच्या शस्त्रक्रियेचे नियोजन बिघडते. अहवालात तीन घटकांची नोंद असावी लागते : इस्ट्रोजेन ग्राहक, प्रोजेस्टेरॉन ग्राहक (या संप्रेरकांना पकडणारी पेशींवरील प्रथिने, रिसेप्टर) आणि गाठीची वाढ भडकवणारे हर-टू (HER2) हे प्रथिन. हर-टूचा निकाल ‘२+’ असा संदिग्ध आला, तर ‘फिश’ (FISH) ही जनुक तपासणारी वेगळी चाचणी करावी लागते. हे निकाल विश्वासार्ह येण्यासाठी तुकडा ताबडतोब फॉर्मॅलिन या टिकवणाऱ्या द्रावणात टाकून त्यात किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास ठेवणे आवश्यक असते. लहान गावातून नमुना शहरातल्या प्रयोगशाळेला जातो तेव्हा नेमकी हीच काळजी सुटते, आणि मग चुकीच्या निकालावर पाच वर्षांचा उपचार ठरतो. तपासलेला तुकडा ज्यांत जपलेला असतो ते मेणाचे ठोकळे (ब्लॉक) आणि काचपट्ट्या जपून ठेवाव्यात व दुसऱ्या रुग्णालयात जाताना मागून घ्याव्यात. त्या रुग्णाच्या उपयोगासाठीच असतात.

स्तन पूर्ण काढायचा की केवळ गाठ व तिच्याभोवतीचा निरोगी भाग काढून स्तन राखायचा, हा बहुतेक घरांत सर्वाधिक चर्चेचा प्रश्न असतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन शल्यविशारद विल्यम हॉल्स्टेड यांनी रूढ केलेल्या पद्धतीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथीही काढल्या जात, आणि जितके अधिक काढावे तितके सुरक्षित ही धारणा त्यानंतर अनेक दशके टिकली. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबेर्तो वेरोनेसी यांच्या चाचण्यांनी ती मोडली. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या वीस वर्षांच्या निष्कर्षांत, स्तन राखलेल्या व पूर्ण काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. अट एवढीच, की स्तन राखल्यावर किरणोपचार घेतले पाहिजेत. पासष्टी ओलांडलेल्या, लहान गाठीच्या आणि संप्रेरक-गोळ्या नियमित घेणाऱ्या काही स्त्रियांना मात्र किरणोपचार वगळता येतात. स्तनाच्या निरनिराळ्या भागांत अनेक गाठी असतील, स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असेल किंवा छातीला पूर्वी किरण दिलेले असतील, तर स्तन राखणे बहुधा शक्य होत नाही.

खानदेशात या निवडीचा गाभा किरणोपचाराच्या दिवसांत आहे. हे उपचार आठवड्यातून पाच दिवस असतात आणि त्या दिवसांत रोज रुग्णालयात जावे लागते. पूर्वी त्यांना पाच ते सहा आठवडे लागत. आता १५ मात्रांचा तीन आठवड्यांचा क्रम सर्वमान्य आहे, आणि निवडक रुग्णांना पाच मात्रा एका आठवड्यात देण्याची पद्धतही २०२० नंतर पुढे आली आहे. अक्कलकुवा किंवा धडगावच्या डोंगरातील स्त्रीला पंधरा दिवसांच्या मात्रा घ्यायच्या असतील तर शहरात बिऱ्हाडच करावे लागते, आणि तेवढ्यासाठी ‘सगळेच काढून टाका’ असे घरचे सांगतात. ही अडचण खरी आहे आणि डॉक्टरांनी ती अज्ञान म्हणून झटकू नये. परंतु किती मात्रा लागतील आणि कमी मात्रांचा क्रम चालेल का, हे विचारल्याशिवाय असा निर्णय घेणे त्या स्त्रीवर अन्याय करणारे आहे. शिवाय काखेतील ग्रंथींत रोग असेल, तर स्तन काढल्यावरही किरणोपचार लागू शकतात. म्हणजे ज्या कारणासाठी स्तन काढला ते कारणच उरत नाही. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा किरण दिलेल्या त्वचेला ऊन आणि घाम सोसत नाही, म्हणून सैल सुती कपडे आणि सावली यांची तजवीज आधीच करावी.

शस्त्रक्रियेत काखेतील सर्व ग्रंथी काढण्याऐवजी रोग काखेत पसरताना ज्यांत आधी पोहोचतो त्या पहिल्या एक-दोन ‘पहारेकरी’ ग्रंथी काढून तपासता येतात. त्यामुळे पुढे हात सुजण्याचा धोका बराच कमी होतो. निंदणी आणि वेचणी करणाऱ्या बाईला हात धड राहणे म्हणजे रोजगार टिकणे, त्यामुळे ही सोय आपल्या रुग्णालयात आहे का हे आधीच विचारावे. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातील अकरा केंद्रांत झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गाठ काढण्यापूर्वी सात ते दहा मिनिटे तिच्याभोवती लिग्नोकेन हे भूल देण्याचे साधे औषध टोचल्याने पाच वर्षांनंतर हयात असलेल्या स्त्रियांचे प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. इतके स्वस्त औषध तालुक्याच्या दवाखान्यातही मिळते, म्हणून या चाचणीचे मोल खानदेशासारख्या भागाला विशेष आहे.

औषधोपचार गाठीच्या प्रकारावर ठरतात. ग्राहक-सकारात्मक (संप्रेरक-ग्राहक आढळलेल्या) रोगात टॅमॉक्सिफेन, किंवा पाळी गेल्यानंतर लेट्रोझोलसारख्या गोळ्या किमान पाच वर्षे घ्याव्या लागतात. त्या तुलनेने स्वस्त असतात, पण बरे वाटू लागले की परस्पर बंद केल्या जातात. हर-टू सकारात्मक रोगात ट्रास्टुझुमाब हे औषध साधारण वर्षभर देतात. तिन्ही घटक नकारात्मक असतील तर गोळ्यांचा उपयोग नसतो आणि मुख्य भर रसायनोपचारावर येतो. या शेवटच्या दोन प्रकारांत गाठ दोन सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल किंवा काखेत रोग असेल, तर रसायनोपचार शस्त्रक्रियेच्या आधी देणे बहुधा हिताचे ठरते. ‘आधी गाठ काढा, मग बघू’ हा आग्रह तेथे घातक ठरू शकतो. रसायनोपचार बहुधा तीन आठवड्यांच्या अंतराने होतात व त्यासाठी येऊन-जाऊन राहता येते. मात्र त्या काळात ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. म्हणून जवळचे कोणते रुग्णालय रात्री रुग्ण घेईल याची चौकशी पहिल्या मात्रेपूर्वीच करून ठेवावी. जिला पुढे मूल हवे आहे अशा तरुण स्त्रीने तेही याच वेळी सांगावे, कारण रसायनोपचाराने गर्भधारणेची क्षमता कमी होऊ शकते आणि नंतर वेळ निघून गेलेली असते.

निर्णय कोण घेतो, हा खानदेशातील सर्वांत नाजूक भाग आहे. डॉक्टर मुलाशी किंवा दिराशी बोलतात, कागदावर सही नवरा करतो, आणि जिचा स्तन आहे ती बाहेरच्या बाकावर बसलेली असते. प्रौढ आणि शुद्धीवर असलेल्या स्त्रीची संमती तिचीच असावी लागते. नातेवाइकांची सही तिची जागा घेऊ शकत नाही. अहिराणी, लेवा बोली, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या स्त्रीला प्रमाण मराठीतला सल्ला अर्धाच पोहोचतो, म्हणून तिच्या बोलीत बोलणारी परिचारिका किंवा आशाताई सोबत असणे ही उपचाराचीच गरज मानली पाहिजे. रोग तिच्यापासून लपवून उपचार करण्याची रीत अजूनही आहे. तिला आजाराचे नावच ठाऊक नसेल, तर ती पाच वर्षे गोळ्या कशासाठी घेईल?

खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचा आधार आहे. २०१२ साली पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत ती वेगळ्या नावाने सुरू झाली त्यांत धुळे होते. लाभ केवळ अंगीकृत (योजनेशी जोडलेल्या) रुग्णालयांत मिळतो, त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला भेटावे. नंदुरबारच्या लोकांना रेल्वेने सुरत जवळ, धुळेकरांना नाशिक आणि जळगावकरांना छत्रपती संभाजीनगर. तरी जेथे जायचे तेथे योजना लागू आहे का हे पाहूनच दिशा ठरवावी. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात जाणाऱ्यांना दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत निवारा मिळू शकतो. उपचारासाठी प्रवास करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या शयनयान वर्गात पूर्ण व सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठीचा ठरावीक नमुन्यातील दाखला रुग्णालयातूनच भरून घ्यावा लागतो.