लॅमिनेट फ्लोअरिंग रिसायकल होते का? दाव्यामागची पार्श्वभूमी

लॅमिनेट फ्लोअरिंग, म्हणजे लाकडासारख्या दिसणाऱ्या तयार फळ्यांची जमीन, रिसायकल होते असा दावा विक्रीत केला जातो. कपाटांवर आणि टेबलांवर चिकटवायचा सनमायकासारखा कडक थर जमिनीवरही चालेल, ही कल्पना १९७७ च्या सुमारास स्वीडनमधल्या एका कंपनीत निघाली. ऐंशीच्या दशकात हे फ्लोअरिंग युरोपच्या बाजारात आले. आधी हा थर वेगळा बनवून फळीला चिकटवत; पुढे सगळे थर एकाच गरम प्रेसखाली थेट एचडीएफवर, म्हणजे लाकडाच्या तंतूंच्या दाट फळीवर, बसू लागले आणि माल स्वस्त झाला.

फळीचा तुटलेला कोपरा नीट पाहिला की रचना कळते. तपकिरी, दाट गाभा म्हणजे वाफवून पिंजलेले लाकडाचे तंतू, फॉर्मल्डिहाइडयुक्त राळेत (चिकटवणाऱ्या कृत्रिम रसायनात) दाबून बसवलेले. त्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि वर मेलामाइन राळेचा पारदर्शक थर, ज्यात झीज थोपवणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात. फळी वाकू नये म्हणून खालूनही एक थर. वजनाचा मोठा भाग लाकडाचाच असतो, आणि जाहिरातीत नेमके तेच पुढे केले जाते.

घोडे अडते ते राळेपाशी. मेलामाइन एकदा पक्के झाले की पुन्हा वितळत नाही आणि कागदापासून सुटतही नाही. मग रिसायकल कशाला म्हणायचे? युरोपात जुन्या फळ्यांना मुख्यतः दोन वाटा मिळाल्या: भुगा होऊन पार्टिकल बोर्डात, नाहीतर बॉयलरमध्ये. जर्मनीत २००३ पासून लागू झालेल्या नियमांनी टाकाऊ लाकडाचे चार वर्ग पाडले. चिकटवलेले किंवा लेप दिलेले, पण हॅलोजनयुक्त (क्लोरीनसारखी मूलद्रव्ये असलेले) लेप व लाकूडरक्षक रसायने नसलेले लाकूड दुसऱ्या वर्गात गेले आणि त्याला बोर्डाची वाट मोकळी राहिली. २००८ च्या युरोपीय कचरा निर्देशाने तर जाळून उष्णता मिळवणे रिसायकलिंगमध्ये धरायचे नाही, असे स्पष्टच सांगितले. तरीही विक्रीच्या माहितीपत्रकांत या दोन्ही गोष्टी एका दमात येतात. ही सरमिसळ म्हणजे ग्राहकाची दिशाभूलच आहे.

त्यापेक्षा मोलाचा बदल १९९६-९७ मध्ये क्लिक जोडाने, म्हणजे फळ्या एकमेकींत अडकवायच्या खाचांनी, घडवला. तो स्वीडन आणि बेल्जियममध्ये जवळपास एकाच वेळी आला. कडांचा गोंद गेला, त्यामुळे पाणी लागून फुगल्या नसतील तर फळ्या उकलून दुसऱ्या खोलीत बसवता येऊ लागल्या.

आपल्याकडे मात्र घराचे काम काढले की त्या बहुधा राडारोड्याबरोबर जातात. त्या शेकोटीत किंवा चुलीत मुळीच घालू नयेत. मेलामाइन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू सुटू शकतात.

अलीकडे युरोपात वाफेच्या साहाय्याने जुन्या एचडीएफ आणि एमडीएफमधले (त्याच प्रकारच्या, कमी दाट फळीतले) तंतू मोकळे करण्याची कामे सुरू झाली आहेत. युरिया-फॉर्मल्डिहाइडची राळ गरम वाफेत फुटते, मेलामाइन मात्र चिवट असते. शिवाय ऑगस्ट २०२६ पासून तिथे बोर्डातून सुटणाऱ्या फॉर्मल्डिहाइड या अपायकारक वायूची मर्यादा घनमीटर हवेमागे ०.०६२ मिलिग्रॅम ठरली आहे, आणि जुन्या राळेचे अवशेष असलेल्या तंतूंच्या बोर्डालाही तिच्यातून सूट नाही.