रद्दी टाकताना मेंदूत काय होतं?

आई-वडील दोन दिवस बाहेर गेले की मुलांनी त्यांची पसाऱ्याने भरलेली खोली गुपचूप उपसायची, 'आधी' आणि 'नंतर'चे व्हिडिओ टाकायचे आणि लोकांनी वाहवा करायची, हे हल्ली सारखं दिसतं. सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ कुणी टाकत नाही. तोवर खोली बहुधा पुन्हा भरलेली असते आणि म्हाताऱ्या माणसाचा मुलांवरचा विश्वास उडालेला असतो.

थोडा पसारा म्हणजे आजार नव्हे. पलंगावर झोपायला किंवा ओट्यावर शिजवायला जागा उरत नाही, तरी एकेक वस्तू टाकताना जीव कासावीस होतो, तेव्हा त्याला होर्डिंग डिसऑर्डर म्हणतात. पूर्वी तो बहुधा ओसीडीच्या, म्हणजे तेच ते विचार आणि त्याच त्या कृती छळणाऱ्या आजाराच्या खात्यात जमा होई. २०१३ मध्ये डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या अमेरिकी सूचीने त्याला स्वतंत्र आजार मानलं. सुरुवात बहुतेकदा किशोरवयातच होते. पण तेव्हा घरचे आवरत असतात. जोडीदार गेला, गुडघे थकले की इतकी वर्षं दबून राहिलेलं सगळं बाहेर येतं, आणि लोक म्हणतात, म्हातारपणी लोभ सुटला.

लोभाचा यात संबंध फारसा नाही. गरिबीत वाढल्यामुळे माणसं असं करतात, हेही मानसशास्त्रज्ञ रँडी फ्रॉस्ट यांच्या पाहणीत दिसलं नाही. उलट प्रत्येक गठ्ठ्यामागे काही ना काही कारण असतं. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात लँगली कॉलियर आपल्या आंधळ्या भावासाठी वर्तमानपत्रं राखून ठेवत होता, दृष्टी परत आली की त्याला वाचता यावीत म्हणून. १९४७ मध्ये तो त्याच ढिगाऱ्याखाली सापडून मेला आणि भाऊ उपासमारीने गेला. आणि हो, अडगळीमुळे घरात 'नकारात्मक ऊर्जा' साचते, असं सांगून पैसे उकळणारे सल्लागारही आहेत. जुन्या वर्तमानपत्रात ऊर्जा असते ती रासायनिक, आणि ठिणगी पडली की ती दिसते.

मला सगळ्यात भुरळ घालतो तो मानसशास्त्रज्ञ डेव्हिड टोलिन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. होर्डिंग असलेले ४३ जण, ओसीडीचे ३१ आणि निरोगी ३३. प्रत्येकाने टपालाने आलेले स्वतःचे फुटकळ कागद घरून आणायचे. मेंदूचा कुठला भाग कामाला लागला ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात पडल्या पडल्या समोर एकेक कागद येणार: ठेवायचा की फाडायचा? फाडायचा म्हटलं तर तो खरोखरच श्रेडरमध्ये जाणार. काही कागद स्वतःचे, काही परके. परका कागद आला तेव्हा होर्डिंगवाल्यांच्या मेंदूतले अँटिरिअर सिंग्युलेट कॉर्टेक्स आणि इन्शुला हे भाग इतरांपेक्षा थंड होते. स्वतःचा कागद येताच तेच भाग कमालीचे पेटले. सिंग्युलेट चूक होण्याची चाहूल घेतो, तर इन्शुला छातीतली धडधड आणि पोटातला गोळा जाणवून देतो. दोघं मिळून 'हे महत्त्वाचं आहे' असा शिक्का मारतात. म्हणजे फुकट आलेल्या जाहिरातीवरही 'टाकलंस तर पस्तावशील' असा इशारा मिळतो. 'राहू दे' म्हटलं की इशारा थांबतो, हायसं वाटतं. ते हायसं वाटणंच पुढच्या वेळच्या 'राहू दे'चं बक्षीस ठरतं. मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात.

यात वर्गीकरणाची गोची भर घालते. स्वतःच्या वस्तू लावायला दिल्या की ही माणसं जास्त ढीग करतात आणि जास्त वेळ घेतात. जुन्या बिलाच्या पाठीवर कुणाचा तरी फोन नंबर लिहिलेला असतो. मग ते बिलांत जाईना, पत्त्यांत जाईना. त्याचा तिसराच ढीग. वयाबरोबर लक्ष आणि आखणी कमजोर झाली की दिवसभर बसूनही आठच कागद हलतात. म्हणून मानसशास्त्रज्ञ कॅथरीन आयर्स यांनी वृद्धांसाठी बेतलेल्या उपचारात आधी आखणी आणि लक्षात ठेवण्याच्या युक्त्या शिकवतात, मग हळूहळू टाकण्याचा सराव.

घरच्यांनी न विचारता काही उचलू नये. पहिल्या दिवशी 'टाका' हा शब्दही नको. शेगडीजवळचे कागद फक्त दुसरीकडे हलवायचे आणि पलंगापासून दारापर्यंतची वाट मोकळी करायची, कारण पडणं आणि आग हे खरे धोके. त्यानंतर दिवसाला एक छोटा ढीग. प्रत्येक वस्तू त्यांच्याच हातात द्यायची आणि निर्णय त्यांनाच करू द्यायचा, मग तो 'ठेवते' असा का असेना. वाद घातला की इन्शुला आणखी पेटणार. याला महिने लागतात.

मात्र आयुष्यभर टापटिपीत राहिलेलं माणूस साठीनंतर अचानक चिंध्या-बाटल्या गोळा करू लागलं, सोबत स्वभावही बदलला, तर प्रकरण वेगळं असू शकतं. मेंदूच्या ठरावीक भागाला इजा झालेल्या ८६ जणांच्या २००५ च्या अभ्यासात १३ जण इजेनंतर असं जमवू लागले होते. कपाळामागच्या भागाची आतली बाजू त्यांच्यात दुखावलेली होती. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियातही, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि बाजूचा भाग झिजत जाणाऱ्या आजारातही, हे दिसतं. अशा वेळी आवराआवर बाजूला ठेवून आधी मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा.